डायलिसिस आणि डोळे : आपले अनुभव लिहा

माझे वडील दोन वर्षांपासून लातूरला आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेतात. चार तासांनी मशीनवरून उठले की भिंतीवरचे घड्याळ त्यांना धूसर दिसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच स्पष्ट दिसते. दोष मशीनचा, मधुमेहाचा की रक्तदाबाचा, हे घरात कोणालाच कळत नाही, म्हणून हा धागा काढला आहे. त्रास केव्हा सुरू होतो, हे कृपया नेमके लिहावे.

परभणी : माझ्या आईला काचबिंदू आहे. तिसऱ्या तासाला तिचा उजवा डोळा ठणकू लागे आणि आम्ही ती डोकेदुखी समजत राहिलो. नेत्रतज्ज्ञांनी समजावले की, डायलिसिसमध्ये रक्तातला युरिया झपाट्याने उतरतो, डोळ्यातला मात्र मागे राहतो आणि त्यामुळे पाणी डोळ्याकडे ओढले जाते. डोळ्यातल्या पाण्याचा निचरा चांगला असेल तर ते जाणवतही नाही, पण आईच्या डोळ्यातला निचऱ्याचा कोन अरुंद असल्याने डोळ्याचा दाब चढत होता. डायलिसिसच्या आधी आणि नंतर असा दोनदा दाब मोजल्यावरच हे उघड झाले. शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडच्या, डोळ्याचा दाब उतरवणाऱ्या अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या देऊ केल्या होत्या. हे औषध मूत्रपिंडावाटेच बाहेर पडत असल्याने आईच्या शरीरात ते साठून धोका झाला असता, असे किडनीच्या डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा आमच्या अंगावर काटा आला.

बीड : माझे डोळे सतत लाल आणि चुरचुरणारे असत. डोळे आले समजून दोन महिने थेंब घातले. प्रत्यक्षात रक्तातला फॉस्फरस वाढल्याने बुबुळालगत क्षार साचले होते. जेवणासोबतची फॉस्फरस कमी करणारी गोळी मीच टाळत होतो, हेही कबूल करतो.

जालना : दिवाळीत काकांचे पाणी पिण्याचे पथ्य मोडले, वजन फार वाढले आणि पुढच्या डायलिसिसला एकदम जास्त पाणी काढावे लागले. रक्तदाब कोसळला. दुसऱ्या दिवशी उठले तेव्हा एका डोळ्याने खालचा अर्धा भाग दिसेना. दृष्टीच्या नसेचा रक्तपुरवठा तुटल्याचे निदान झाले. ती नजर परत आली नाही.

नांदेड : मला पंचवीस वर्षांचा मधुमेह आहे, त्यामुळे पडद्याचे नुकसान डायलिसिसच्या आधीचेच होते. उलट अंगातले जादा पाणी निघाल्यावर पडद्याची सूज थोडी उतरली. डोळ्यात रक्तस्राव झाला तेव्हा मात्र डायलिसिस केंद्राला लगेच कळवले आणि काही दिवस हेपारिनशिवाय, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाशिवाय, डायलिसिस झाले.

धागा काढणारा : जालन्याचा अनुभव वाचून वडिलांची डायलिसिसची वही उघडली. ज्या दिवशी त्यांना धूसर दिसले, त्यांपैकी बहुतेक दिवशी शेवटच्या तासाचा रक्तदाब खूप खाली गेलेला आहे. चष्म्याचा नंबर काढायला मी त्यांना थेट डायलिसिसवरून नेत होतो, याचे आता वाईट वाटते. गुरुवारी, मधल्या मोकळ्या दिवशी, वही घेऊन डोळ्याचा पडदा आणि डोळ्याचा दाब तपासायला जात आहोत.