धिंगरी : एका बीजाणूपासूनचं कल्चर जोमात वाढतं, पण पिनहेडच धरत नाही

प्रश्न
धिंगरीच्या (ऑयस्टर अळिंबीच्या) एकाच फळापासून चार कल्चर (प्लेटवर वाढवलेली बुरशी) केली आहेत, प्रत्येक एकेका बीजाणूपासून. पीडीएवर (बटाटा-डेक्स्ट्रोज अगर, बुरशी वाढवायचं माध्यम) छान पसरतात, पिशव्याही पांढऱ्याशुभ्र भरतात. पण पिशव्या उघडून तीन आठवडे झाले, एकही पिनहेड (अळिंबीचा टाचणीच्या डोक्याएवढा पहिला अंकुर) नाही. तापमान २२ ते २४ अंश, आर्द्रता ८५ ते ९० टक्के. त्याच खोलीत टिश्यू कल्चरच्या (फळाच्या गराच्या तुकड्यापासून वाढवलेल्या) पिशव्या व्यवस्थित फळताहेत. मग अडतंय कुठे?

उत्तर १
जोडीदाराशिवाय अडलंय. एका बीजाणूतून उगवलेल्या तंतूच्या पेशीत एकाच प्रकारचं केंद्रक असतं. असं एकेरी कल्चर भुसा खातं, पिशवी भरतं, पण फळायला दोन जुळणारी केंद्रकं एका पेशीत नांदावी लागतात. धिंगरीत ही जुळणी ए आणि बी अशी दोन जनुकस्थानं ठरवतात. ए कडे केंद्रकांचं जोडीनं विभाजन आणि क्लॅम्पची (दोन पेशींना बाहेरून जोडणाऱ्या छोट्या कडीची) सुरुवात. बी कडे फेरोमोन (जोडीदाराला खूण देणारं रसायन) व ते ओळखणारे ग्राहक, म्हणजे केंद्रकांचा प्रवास आणि क्लॅम्पचं टोक जुळणं. दोन्हीकडे फरक असेल तरच जोडी जमते.

आधी तपासा. वसाहतीच्या कडेचे तंतू लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूमध्ये (बुरशी निळी रंगवणारं द्रावण) घेऊन ४०० पटीत बघा. दुहेरी (जोडी जमलेल्या) कल्चरमध्ये पेशींमधल्या पडद्याशेजारी छोटी कडी दिसते, तोच क्लॅम्प. तुमच्यात ती बहुधा नसेल.

मग दोन-दोन कल्चर एका प्लेटवर २ सेंमी अंतरावर लावा, २५ अंशाला ठेवा. ती भिडल्यावर आठवडाभरानं भेटरेषेपासून दूरचा तुकडा उचलून पुन्हा क्लॅम्प बघा. भेटरेषेवरचाच तुकडा घेतला तर दोन्ही एकेरी तंतूंची नुसती सरमिसळ हाती येते.

उत्तर २
वर एक भर. एका फळाचे बीजाणू चार प्रकारचे असतात, त्यामुळे भावंडांत जुळायची शक्यता चारात एक. तुमच्या चारांतून सहा जोड्या होतात, पण चारही एकाच प्रकारची निघाली तर एकही जमणार नाही. दुसऱ्या, नात्याबाहेरच्या वाणाचं एकेरी कल्चर घेतलं तर जवळजवळ हमखास जमतं, कारण ए आणि बी चे प्रकार निसर्गात पुष्कळ आहेत.

आणि क्लॅम्प नीट न्याहाळा. टोक पुढच्या पेशीला चिकटलेलंच नसेल तर तो खोटा क्लॅम्प : ए वेगळा, बी एकच. ती जोडी सोडून द्या.

प्रश्नकर्ता
क्लॅम्प खरंच नाहीत. बटन अळिंबीलाही हीच चाचणी चालेल का?

उत्तर २
नाही. बटनमध्ये क्लॅम्प नसतातच. शिवाय तिच्या बेसिडियमवर (बीजाणू धरणाऱ्या पेशीवर) सहसा दोनच बीजाणू येतात आणि बहुतेकांत जुळणारी दोन केंद्रकं आधीच असतात, म्हणून एका बीजाणूचं कल्चरही बऱ्याचदा फळतं. तिथे पिशवीत थोडं पीक घेऊनच खात्री करावी.

उत्तर ३
जोडी जमली तरी उजेड आणि हवा हवीच. निळा प्रकाश ओळखणारी डब्ल्यूसी-१ आणि डब्ल्यूसी-२ ही प्रथिनं बुरशीत असतात. शायझोफायलम या अळिंबीवर्गीय बुरशीत यातल्या एकाचं जनुक काढलं तरी फळं येत नाहीत. कार्बन डायऑक्साइड १००० पीपीएमखाली ठेवा, नाहीतर देठ लांबतात आणि छत्री बारीक राहते.

जमलेल्या जोडीची मूळ स्लँट (तिरप्या माध्यमाची कल्चर-नळी) लगेच ४ अंशाला ठेवा. प्लेटवरून प्लेटवर फिरवत राहू नका. कापसासारखा फुललेला, वेगानं पळणारा पट्टा दिसला तर तो घेऊ नका, बहुधा फळायला तोच कच्चा निघतो.