तेलविहिरीत खाली बसणारं लॅच (अडकवायचा खटका) परत परत वापरता येतं म्हणजे नक्की कसं? शिअर पिन, म्हणजे ठरलेल्या ओढीला तुटणारी पिन, पुरत नाही का?

सातपूरचा_फिटर
मी नाशिकला एका शॉपमध्ये सीएनसीवर असतो, सध्या ऑइलफिल्डचं जॉबवर्क आलंय. नळीला लांबीत चिरा मारून बोटं केलेली आणि टोकाला बाहेरून उंचवटा. ड्रॉइंगवर कॉलेट लिहिलंय पण लेथवरच्या कॉलेटशी याचा काही संबंध दिसत नाही. उंचवट्याचा खालचा उतार ३० अंश, वरचा ६०, आणि टॉलरन्स असा की क्यूसीवाला (तपासणीवाला) रोज भांडतो. साहेब म्हणाले हे विहिरीत पाइप पॅकरला, म्हणजे बाहेरच्या नळीत बसवलेल्या सीलच्या बुचाला, अडकवायला लागतं, सोडवून परत अडकवता पण येतं. आता जे नुसतं दाबून बसतं ते ओढल्यावर सुटणारच ना, मग भरवसा काय? आणि त्यापेक्षा पितळी पिन मारून मोकळे का होत नाहीत?

दर्यावरचा
मुंबई हायला बरीच वर्षं कंप्लिशनवर, म्हणजे विहीर उत्पादनासाठी तयार करायच्या कामावर, काढलीत म्हणून सांगतो. पिन एकदा तुटली की तुटली, नवीन घालायला अख्खी स्ट्रिंग, म्हणजे एकमेकांना जोडलेले सगळे पाइप, वर काढायची, साडेतीन इंची, फुटाला ९.२ पौंडी ट्यूबिंग (तेल वर आणणारा पाइप) ३००० मीटर म्हणजे हवेत ४० टनाच्या वर वजन, आणि तोपर्यंत रिगचं भाडं चालूच. कॉलेट म्हणजे पेनाच्या टोपणाचा खटका समज. बोटं आत दबतात, खाचेत आली की उघडतात, टक्. तुझे ३० आणि ६० अंश उगाच दिलेले नाहीत, तेच सगळं ठरवतात. घर्षणांक ०.१५ धरून हिशोब कर, सुटायला लागणारी ओढ बसायला लागणाऱ्या दाबाच्या साधारण तिप्पट येते. बोटं तीच, स्प्रिंग तीच, फरक फक्त उताराचा. आणि ३० च्या जागी ३३ झालं तर वर ड्रिलरला वेट इंडिकेटरवर (स्ट्रिंगचं वजन दाखवणाऱ्या काट्यावर) भलताच आकडा दिसणार, म्हणून तुमचा क्यूसीवाला भांडतो, भांडू दे त्याला.

कुवेतकर
दादांचं बरोबर आहे पण तो ०.१५ कागदावरचा. खाली वाळू, स्केल म्हणजे क्षारांचा थर, सुकलेला मड म्हणजे ड्रिलिंगचा चिखल असतो. घर्षण ०.३ झालं की ६० अंशावरची ओढ दीडपटीच्याही वर जाते, मग सुटायचं तेव्हा सुटत नाही. आमच्या एका विहिरीवर उलटं झालं होतं, वजन ठेवलं, इंडिकेटर पडला, सगळे म्हणाले बसलं, पण वर ओढून बघितलं तर ओव्हरपुल, म्हणजे स्ट्रिंगच्या वजनापेक्षा जास्तीची ओढ, शून्य. पॅकरच्या तोंडावर वाळू बसली होती आणि आम्ही वाळूवर टेकलो होतो. सर्क्युलेशन मारून, म्हणजे पाइपातून द्रव फिरवून, धुतलं तेव्हा खाली गेलं. तेव्हापासून मी नुसतं वजन पडलं म्हणून मानत नाही, आधी दाबा, मग ओढा, ओढ दिसली तरच बसलं म्हणा. तिरक्या विहिरीत तर वरून १० टन ओढले तरी खाली किती पोचले देव जाणे, अर्धी ओढ केसिंगला, म्हणजे विहिरीच्या बाहेरच्या नळीला, घासण्यातच जाते.

सातपूरचा_फिटर
म्हणजे भरवसा फक्त उतारावर? चुकून ओढ बसली तर सुटूनच जाईल की.

दर्यावरचा
म्हणून दुसरा प्रकार असतो. बोटांवर बाहेरून डावे आटे, खाली दाबलं की रॅचेटसारखे घसरत बसतात, सरळ ओढलं तर धरून ठेवतात. काढायला स्ट्रिंग उजवीकडे फिरवायची, ट्यूबिंगचे आटे उजवे असल्यामुळे ते घट्टच होतात आणि लॅच तेवढं सुटतं. ज्याने कोणी काढलं त्याला मानलं पाहिजे. पण ट्यूबिंगला सेफ्टी व्हॉल्व्हची कंट्रोल लाइन (वरून दाब देणारी बारीक नळी) बांधलेली असेल तर फिरवणार कसं, गुंडाळून तुटेल. तिथे मग सरळ ओढीचंच घ्यावं लागतं, नाहीतर बोटांच्या मागे टेकू देणारी स्लीव्ह असलेलं. स्लीव्ह मागे आहे तोवर बोटं दबूच शकत नाहीत, ती सरकवली की मोकळी. माझ्या मते खरं कुलूप हेच.

कुवेतकर
आणि जे-स्लॉट राहिला की. पिन खाचेतून फिरते, एकदा दाबलं की धरलं, परत दाबलं की सोडलं, बॉलपेनचं बटण असतं तसं. वाळूत अडकतं मात्र सगळ्यात आधी हेच.
अजून एक, गच्च धरलं म्हणजे चांगलंच असं नाही. ३००० मीटर स्टीलचं सरासरी तापमान ५० अंशांनी बदललं तर लांबी १.८ मीटरने बदलते. लॅच केलं असेल तर पाइप हलत नाही, सगळा ताण लॅचवर आणि पॅकरवर. थंड पाणी पंप करायचं असेल तर कधीकधी लॅच नकोच, नुसतं सील घसरू देतात.

वेल्डर_अण्णा
परत परत वापरता येतं म्हणतात त्याला मर्यादा असते हो. विहिरीत दहा वेळा बसवा-काढा ठीक, पण वर आलं की बोटं मोजायची, क्रॅक टेस्ट करायची. क्रॅक बहुतेक वेळा चिरेच्या शेवटाला सुरू होतो, म्हणून तिथे गोल भोक असतं. शिवाय एच-टू-एस वायू असेल तर साधं कडक स्टील चालत नाही, कडकपणाला २२ रॉकवेलची मर्यादा येते आणि एवढ्या मऊ स्टीलला स्प्रिंग कुठून आणणार, म्हणून इन्कोनेल ७१८ हा निकेलचा मिश्रधातू वापरतात. तुमचा जॉब कशाचा आहे?

सातपूरचा_फिटर
७१८ च आहे, कटिंगचे इन्सर्ट खाऊन खाऊन वैताग आणलाय. आणि ते भोक आमच्याकडे डीबर न करताच, म्हणजे कडेचे कंगोरे न घासताच, पुढे जातं, मला वाटायचं ते नुसतं कटरला बाहेर यायला ठेवलंय. पुढची बॅच गुरुवारी निघतेय, उद्या सकाळी आधी क्यूसीवाल्याकडे जातो.