वाचनालय-संग्रहालयाच्या भेटीआधी दिव्यांग पाहुण्यांना काय काय कळवावं?

सुरंगी

तालुक्याच्या गावातलं जुनं वाचनालय आहे. खाली पुस्तकं आणि वाचनकक्ष, माडीवर गावातून जमवलेल्या वस्तूंचं छोटं संग्रहालय. 3 डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाच्या आठवड्यात 22 जणांचा गट येतोय: दोघे व्हीलचेअरवर, तिघे अंध, एका आजोबांना अंधुक दिसतं, चार कर्णबधिर मुलं, दोन स्वमग्न मुलं, बाकी पालक आणि मदतनीस. सकाळी रत्नागिरीत थिबा राजवाडा बघून दुपारी आमच्याकडे येणार.

इमारत जांभ्याची, जोतं उंच, माडीला लाकडी जिना, लिफ्ट नाही. त्यांना आधी पाठवायच्या पत्रकाचा मसुदा मंडळाने केलाय आणि त्यात 'दिव्यांगांसाठी सर्व सोयी उपलब्ध' असं वाक्य आहे. मला ते पटत नाही. पत्रकात नेमकं काय असावं, किती असावं, कोणत्या स्वरूपात पाठवावं? पैसा फारसा नाही, माणसं आहेत.

जांभा_चिरा

ते वाक्य आधी काढा. व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला 'सोय आहे' यातून काहीच कळत नाही. त्याला सेंटिमीटर कळतात आणि फोटो कळतो. 'तीन पायऱ्या, प्रत्येकी 15 सेमी, डाव्या हाताला कठडा, रॅम्प नाही' एवढं लिहिलंत की यायचं का, सोबत कोणाला आणायचं, कुठली खुर्ची आणायची, हे तो घरी बसून ठरवतो. वाईट माहितीही खरी असेल तर उपयोगी पडते. चांगली पण खोटी असेल तर माणूस 60 किलोमीटर येऊन अंगणात बसून राहतो.

मोजायला टेप आणि गवंड्याची लेव्हल पुरे. रॅम्प असेल तर 60 सेमीची लेव्हल उताराच्या दिशेने ठेवा, खालचं टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचला आणि त्या टोकाखालची फट मोजा. 5 सेमी किंवा कमी आली तर उतार 1:12 च्या (12 सेमी लांबीला 1 सेमी चढ) आत आहे, म्हणजे ठीक. 8-9 आली तर एकट्याने चढणं सोडाच, मागून ढकलणाऱ्यालाही दम लागतो. रुंदी निदान 120 सेमी हवी.

रॅम्प नसेल तर फळी टाकून काम भागवू नका. जोतं 45 सेमी धरलं तर 1:12 ने 540 सेमी लांबी लागते. दोन मीटरच्या फळीवर खुर्चीची पुढची छोटी चाकं उचलली जातात, सगळं वजन मागे जातं आणि खुर्ची पाठीवर उलटते. उतरताना खुर्चीचा पायटा (पाय ठेवायची पट्टी) खाली टेकून माणूस पुढे फेकला जातो. त्यापेक्षा घराला एक फेरी मारा. आपल्याकडची घरं उतारावर असतात, त्यामुळे एखाद्या बाजूचं जोतं पुष्कळदा एकाच पायरीचं निघतं. तिथलं दार उघडून दिलंत आणि एका वेल्डरकडून चेकर्ड प्लेटचा (उठावदार नक्षीच्या लोखंडी पत्र्याचा) 180 सेमीचा उतार करून घेतलात की 15 सेमीच्या पायरीचं काम भागतं. बाजूंना 5 सेमीची कड आणि वरच्या टोकाला अडकवायला आकडा हवाच, नाहीतर चाकाच्या दाबाने प्लेट मागे सरकते.

दाराचं माप चौकटीचं घेऊ नका. दार उघडल्यावर मोकळी जागा किती उरते ते मोजा, 90 सेमी हवी. जुन्या दोन फळ्यांच्या दाराची एकच फळी रोज उघडतात आणि दुसरीची खिट्टी खाऱ्या हवेने गंजून बसलेली असते. ती आत्ताच सोडवून तेल घाला, पाहुणे दारात उभे असताना हातोडी शोधू नका. उंबरठा 12 मिमीपेक्षा उंच असेल तर पाचरीसारखा लाकडी तुकडा आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे लागेल.

आत दोन कपाटांमधली वाट मोजा (90 सेमी किमान), वळायला दीड मीटरचा मोकळा चौक कुठे आहे तो पाहा. शौचालयाचं दार आत उघडतं की बाहेर, कमोड आहे का आणि किती उंच, आधाराची दांडी आहे का, हे लिहाच. योग्य शौचालय नसेल तर जवळात जवळचं कुठे, किती मीटरवर, तेही लिहा. पाहुणे फोनवर विचारायला सगळ्यात लाजतात ते हेच, म्हणून आपण आपणहून सांगायचं.

आणि 'चौघे मिळून उचलून माडीवर नेऊ' असं कोणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा. अरुंद लाकडी जिन्यावर खुर्ची उचलणाऱ्या माणसांना खालची पायरी दिसत नाही. पाय चुकला तर सगळेच खाली येतात. शिवाय वर जायचं की नाही हे त्या माणसाने ठरवायचं असतं.

शब्दस्पर्श

माडीचा प्रश्न सोडवायचा सरळ मार्ग म्हणजे संग्रहालय खाली आणणं. सगळं नव्हे, दहा-बारा वस्तू. टेबलाखाली गुडघ्यांसाठी 70 सेमी मोकळी उंची ठेवा. मात्र हे टेबल फक्त खुर्चीवाल्यांसाठी आहे असं करू नका, सगळा गट तिथूनच सुरू होऊ दे.

अंध पाहुण्यांसाठी याच टेबलावर स्पर्शाच्या वस्तू ठेवा. शेर-पायलीची मापं, पंचपाळं, समई, जात्याची वरची तळी आणि खुंटा, होडीचं लाकडी मॉडेल. पायलीत शेर घालून बघितला की मापांचं नातं हाताला लगेच कळतं, काचेपलीकडून ते कोणालाच कळत नाही. विळी ठेवलीत तर पात्याला बूच लावा. ताम्रपट, पोथ्या, कापड, रंगवलेलं लाकूड यांना हात लावू द्यायचा नाही, घामातल्या क्षारांनी ती खराब होतात. कुठल्या वस्तूंना हात लावता येईल हे पत्रकात नावानिशी द्या. हात धुऊन पुसायचे, अंगठ्या काढायच्या, हेही आधीच लिहा.

आता पत्रकाच्या स्वरूपाबद्दल, कारण नव्वद टक्के गडबड इथेच होते. डीटीपीवाल्याकडून आलेली फाइल बहुतेक श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असते. डोळ्यांना ती मराठी दिसते, पण एनव्हीडीए किंवा टॉकबॅक (संगणक-फोनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) तीच फाइल वाचायला घेतं तेव्हा निरर्थक अक्षरं ऐकू येतात. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर मजकूरच नसतो, नुसतं चित्र असतं. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि व्हॉट्सॲपवर साधा मेसेज म्हणूनही पाठवा. फोटोखाली त्यात काय आहे ते एका वाक्यात लिहा. फाइल टॉकबॅक लावून स्वतः ऐका, मगच पुढे पाठवा.

सोबत चार मिनिटांचं ध्वनिमुद्रण द्या, फाटकापासून टेबलापर्यंतच्या वाटेचं. पावलं मोजून सांगू नका, प्रत्येकाचं पाऊल वेगळं. पायाखाली काय बदलतं ते सांगा: जांभ्याचा खडबडीत चिरा संपून गुळगुळीत कोबा लागतो तिथे ओटी सुरू होते, उजवीकडे पागोळ्यांची पन्हळ आहे, पंख्याचा आवाज येतो तो वाचनकक्ष.

अंधुक दिसणाऱ्या आजोबांसाठी 18 पॉइंटचा छापील कागद, काळं अक्षर, फिक्या पिवळट कागदावर. लॅमिनेट करू नका, खिडकीचा उजेड त्यावर पडला की मजकूर चकाकीत बुडतो. जिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवा.

वाचनालय म्हणून आणखी एक करा. 'सुगम्य पुस्तकालय' हे 2016 पासून सुरू असलेलं ऑनलाइन ग्रंथालय आहे, दिव्यांगत्वामुळे छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी. नावनोंदणी कशी करायची ते पत्रकाच्या शेवटी दोन ओळींत द्या. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदाही अशा वाचकांसाठी पुस्तक सुलभ रूपात करू देतो. पुष्कळ ग्रंथपाल हे माहीत नसल्याने पुस्तक स्कॅन करून द्यायला घाबरतात.

खाडीकाठ

स्वमग्न मुलांसाठी वेगळी चित्रगोष्ट करा. आठ ते दहा पानं, एका पानावर एकच फोटो आणि एक-दोन वाक्यं. 'हे फाटक आहे. इथे बस थांबेल.' 'या ताई दारात भेटतील.' फोटो आत्ताचे हवेत आणि मूल जिथून बघणार त्या उंचीवरून काढलेले. भिंतीचा रंग बदलला असेल तर जुना फोटो मुलाला गोंधळात टाकतो, ही तीच जागा यावर त्याचा विश्वास बसत नाही. जे नक्की नाही ते नक्की असल्यासारखं लिहू नका: 'कदाचित वीज जाईल. मग पंखा बंद होईल. थोड्या वेळाने परत येईल.' हे निदान आठवडाभर आधी घरी पोहोचायला हवं, म्हणजे रोज एकदा वाचून होतं.

आवाज, वास, गर्दी यांची स्वतंत्र टीप पालकांना द्या. कपाटातल्या डांबर गोळ्यांचा वास आपल्याला सवयीने येत नाही, पण काही मुलं त्याने दारातूनच मागे फिरतात. चार दिवस आधी गोळ्या काढून कपाटं उघडी ठेवा. दुपारची शाळा किती वाजता सुटते, देवळात घंटा कधी होते, तेही लिहा. एक शांत खोली राखून ठेवा आणि तिचा फोटो चित्रगोष्टीत घाला. तिथे सतरंजी, मंद उजेड, पंखा हळू. मूल तिथे गेलं तर कोणी मागे जाऊन 'काय झालं?' विचारायचं नाही, पालक आहेत.

वेळेबद्दल: सकाळी राजवाडा म्हणजे गट दमून येणार. 1910 साली ब्रह्मदेशच्या थिबा राजासाठी बांधलेली ती वास्तू मोठी आहे, तिथे वेळ जातोच. तुमच्याकडे आल्या आल्या पाणी, शौचालय आणि 20 मिनिटं बसणं, मग पुढचं. तुमचा कार्यक्रम 75 मिनिटांपेक्षा लांबवू नका, आणि स्वागताची भाषणं तर पूर्ण वगळा. दिवस ठरवताना सोमवार टाळायला सांगा, सरकारी संग्रहालयं साधारण सोमवारी बंद असतात.

मोडी_वाचक

कर्णबधिर मुलांचं राहिलं. भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी गटासोबत येतोय का हे आजच विचारा. येत असेल तर वस्तूंची नावं आणि माहिती त्याच्याकडे आठवडाभर आधी द्या. पायली, पंचपाळं, ताम्रपट यांना तयार खूण असेलच असं नाही, मग त्याला फोटोवरून समजावण्याची तयारी करावी लागते. व्हिडिओ कॉलवर दुभाषी घेणार असाल तर टेबलाच्या जागी उभं राहून कॉल लावून बघा. जांभ्याच्या जाड भिंतीआड नेटवर्क ओटीवर असतं आणि माजघरात नसतं.

माहिती सांगणाऱ्याने खिडकीकडे पाठ करू नये, चेहरा काळा पडतो आणि ओठ वाचता येत नाहीत. आणि वस्तू दाखवत बोलू नका. आधी बोला, थांबा, मग वस्तू हातात द्या. मुलांची नजर एका वेळी दुभाष्यावर तरी असते नाहीतर वस्तूवर.

सुरंगी

खूप आभार सगळ्यांचे. मागच्या परसदाराला खरंच एकच पायरी आहे, 14 सेमी, तिकडून घेऊ. मंडळाने वाक्य काढलं. आता म्हणतायत की हेच पत्रक वर्षभर वापरू. मग पावसाळ्याचं काय लिहायचं?

जांभा_चिरा

पावसाळ्याचं पत्रक वेगळंच करा, जून ते सप्टेंबर. जांभा सच्छिद्र, पाणी धरून ठेवतो, आणि त्यावर आठवड्यात शेवाळ येतं. कुबडीचा रबरी बूट ओला असताना त्यावरून सरळ घसरतो. दर आठवड्याला वाट तारेच्या ब्रशने घासून ब्लीचिंग पावडरने धुवायची. चेकर्ड प्लेट ओली झाली की तीही निसरडी होते, तिच्यावर खडबडीत अँटी-स्किड पट्ट्या आडव्या चिकटवा. दारातलं काथ्याचं सुटं पायपुसणं उचलून ठेवा, चाकात गुंडाळलं जातं. त्याऐवजी चाकं आणि कुबड्यांची टोकं पुसायला कोरडी फडकी घेऊन एक माणूस उभा करा. कुबड्या असताना छत्री धरता येत नाही, तेव्हा फाटकापासून दारापर्यंत छत्री कोण धरणार त्याचं नाव आणि नंबर पत्रकात हवा.

भेट रद्द करण्याचा नियमही लिहा. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणच्या 1864 पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं होतं, तेव्हा हा धोका कागदावरचा नाही. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत गटप्रमुखाला फोन करायचा आणि पर्यायी तारीख त्याच फोनवर द्यायची. व्हीलचेअरसाठी ठरवलेली गाडी सकाळी रद्द केली तर भाडं त्यांच्याच अंगावर पडतं.

14 सेमीला 168 सेमीची प्लेट लागेल, 170 ची करून घ्या. बसवल्यावर लेव्हल ठेवून फट परत मोजा, अंगणाची जमीन सपाट नसते.