बँडबाजाच्या पलीकडचं ब्रास ऐकायचंय, सुरुवात कुठून करू?

पितळेचं_भांडं

मंडळी, जरा मदत हवीये. सध्या मी रोमानियाच्या फानफारे चोकर्लिया नावाच्या बँडच्या पार नादी लागलोय. दहा-बारा माणसं, ट्रम्पेट, ट्यूबा, मधेच क्लॅरिनेट-सॅक्सोफोन आणि एक मोठा ढोल, आणि स्पीड असा की मला आधी वाटलं व्हिडिओ दीडपट वेगाने लागलाय. मी सोलापूरचा, वरातीतले बँड ऐकतच मोठा झालो पण वाजवणाऱ्यांकडे कधी धड लक्ष दिलं नव्हतं, नाचायच्या नादात कोण बघतंय. आता घरी हे लावलं की बायको विचारते कुणाची वरात निघाली.

तर प्रश्न दोन. पहिला, यापुढे काय ऐकू? टॉप टेनच्या याद्या नका देऊ, त्या मलाही सापडतात, स्वतः ऐकून आवडलेलं सांगा. दुसरा, यांच्या काही गाण्यांत ठेकाच हाताला लागत नाही, मजेत टाळी धरतो आणि चौथ्या टाळीला हमखास आपटतो. थोडाफार तबला शिकलोय म्हणून जास्तच चिडचिड होते.

खर्जातला

वा, अजून एक गिऱ्हाईक सापडलं!

आधी ठेक्याचं सांगतो. तू ज्याला आपटतोयस तो चोचेक असणार, म्हणजे तिकडचा नाचाचा ठेका, त्याच्या बरेचदा नऊ मात्रा असतात. त्या तीन-तीन-तीन अशा मोजू नकोस, दोन-दोन-दोन-तीन अशा मोज. एक-दोन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन. चौथी टाळी लांब आहे एवढंच, तिथे तू घाई करतोस. हातात बसेपर्यंत नुसता ढोल ऐक, ट्रम्पेटकडे लक्षच देऊ नको. मॅसेडोनियाकडे सात मात्रांचं तीन-दोन-दोन असतं, म्हणजे विभाग बघितलेस तर सरळ आपला रूपक, तबलेवाल्याला ते घरच्यासारखं वाटेल. त्यासाठी कोचानी ऑर्केस्टार ऐक, ते चोकर्लियासारखे सुसाट सुटत नाहीत, जरा डुलत वाजवतात.

चोकर्लियावाले ईशान्य रोमानियातल्या झेचे प्रजिनी नावाच्या एवढ्याशा गावचे रोमा (जिप्सी) लोक. शेती करायची आणि लग्नाकार्यात वाजवायचं, असं पिढ्यान् पिढ्या चाललेलं. 1996 मध्ये हेन्री अर्न्स्ट नावाचा जर्मन साउंड इंजिनियर फिरत फिरत तिथे पोचला आणि त्याने त्यांना जर्मनीत दौऱ्यावर नेलं, 1998 ला पहिला अल्बम आला आणि मग जगभर. वाद्यं बघितलीस का, पोचे पडलेली, पण आवाज बघ.

तिथून सर्बियात जा. गुचा नावाच्या गावात 1961 पासून दर वर्षी ट्रम्पेटचा महोत्सव भरतो, हल्ली ऑगस्टमध्ये, गाव चिमुकलं आणि लोक लाखोंनी येतात. तिथले बोबान मार्कोविच ऐकच. त्यांचा बँड आणि चोकर्लिया यांची जुगलबंदी 2011 मध्ये अल्बम म्हणून निघाली आहे, तू आत्ता जिथे आहेस तिथून पुढची पायरी तीच. आणि गुचाचे व्हिडिओ बघताना एक गंमत बघ, खूश झालेला माणूस नोट काढतो आणि वाजवणाऱ्याच्या घामेजल्या कपाळावर चिकटवतो, नाहीतर कर्ण्यात कोंबतो. आपल्याकडे नवऱ्याच्या डोक्यावरून ओवाळून बँडवाल्याला देतात त्याचाच सख्खा भाऊ.

हे सगळं मूळचं लष्कराचं बरं का. सर्बियातला पहिला लष्करी बँड 1831 मध्ये प्रिन्स मिलोशने काढला, तेव्हा राजधानी क्रागुयेवाट्स होती. पलटणीत शिकलेली माणसं गावी परतली, वाद्यं खेड्यात आली आणि लोकांनी त्यावर स्वतःची गाणी चढवली.

कोपऱ्यातली_खुर्ची

राग मानू नका, पण चार गाण्यांनंतर हे सगळं सारखंच वाटतं मला. आणि आपल्या वरातीतल्या बँडचं तर बोलायलाच नको, निम्मे बेसूर. त्यात ऐकण्यासारखं काय सापडतं तुम्हाला?

सातारकर_लीड्सवाला

@कोपऱ्यातली_खुर्ची तुमच्यासाठी औषध आहे माझ्याकडे, आमच्या इंग्लंडातल्या यॉर्कशरचे बँड ऐका. ब्लॅक डाइक आणि ग्रिमथॉर्प, ही दोन नावं लिहून ठेवा.

इथला ब्रास बँड म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. ट्रम्पेट नाही, क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही. पंचवीसेक पितळी वाद्यं आणि मागे तालवाद्यं, बस. ट्रम्पेटच्या जागी कॉर्नेट. त्याची नळी हळूहळू रुंदावत जाते म्हणून आवाजाला धार कमी आणि गोलाई जास्त, आणि मधल्या पट्टीत टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, त्यामुळे सगळे मिळून हळू वाजवायला लागले की अंगावर काटा येतो. भजनासारखं एखादं संथ हिम, म्हणजे चर्चमधलं स्तोत्र, ऐका, स्पीडबिड सगळं विसराल.

हे बँड गिरण्या आणि कोळशाच्या खाणींचे. ब्लॅक डाइक हे गिरणीचं नाव, ग्रिमथॉर्प ही खाण. दिवसभर खाणीत, संध्याकाळी तालमीला. सोय अशी केलेली की बास ट्रॉम्बोन सोडला तर सगळ्यांचं नोटेशन एकाच पद्धतीने लिहितात, म्हणजे कॉर्नेटवाला आजारी पडलेल्या ट्यूबावाल्याच्या जागी बसला तरी बोटं तीच, फुंक तेवढी बदलायची. खाणकामगाराला दर वेळी नवीन वाचायला कोण शिकवणार! ग्रिमथॉर्पचा बँड 1917 चा. 1992 च्या ऑक्टोबरात सरकारने खाणी बंद करायची यादी काढली, त्यात यांची खाण, आणि त्याच सुमाराला हा बँड लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकून आला. खाण पुढच्या वर्षी गेली, बँड अजून आहे. त्यावरून 1996 मध्ये ब्रास्ड ऑफ नावाचा सिनेमा निघाला, वाजवलंयही याच बँडने.

स्पर्धा म्हणजे जीव की प्राण इथे, 1853 पासून मँचेस्टरला चालू झालेल्या. मोठ्या स्पर्धेत परीक्षकांना कापडी खोक्यात बंद करून बसवतात, समोर कोण वाजवतंय ते दिसू नये म्हणून. आपल्या एकांकिका स्पर्धांना ही पद्धत लावली तर काय होईल याचा मी अनेकदा विचार करतो.

खर्जातला

@कोपऱ्यातली_खुर्ची बेसूरचं म्हणालात म्हणून. मे महिन्याच्या उन्हात पितळ तापतं आणि सूर वर चढतो, त्यात चालत वाजवायचं, तेही तासन् तास, ओठ सुजतात माणसाचे. शिवाय कामं मोसमी, चार महिन्यांसाठी माणसं गोळा करून उभी करायची. त्याच मास्तरला सावलीत खुर्चीवर बसवून ऐका, मग बोलू.

तिरपी_टोपी

बाल्कन झालं, इंग्लंड झालं, आणि अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सचं नाव कुणीच काढेना? कमाल आहे.

तिथे ब्रास बँड अंत्ययात्रेला असतो. जाताना संथ, जड चालीचे हिम, पावलं ओढत. दफन झालं, गेलेल्याला निरोप दिला की परतताना ढोल बदलतो आणि सगळी गल्ली नाचायला लागते. घरचे आणि बँड ही पहिली रांग, मागून छत्र्या-रुमाल नाचवत येणारी पब्लिक म्हणजे सेकंड लाइन. सत्तरच्या दशकात ही परंपरा म्हाताऱ्यांपुरती उरली होती, मग डॅनी बार्कर नावाच्या जुन्या वादकाने एका चर्चमधून पोरांचा बँड उभा केला आणि त्यातून पुढची पिढी आली. 1977 चा डर्टी डझन बँड, 1983 चा रीबर्थ बँड. रीबर्थला 2012 मध्ये ग्रॅमी मिळालं. रीबर्थ ऐकताना फक्त सूझाफोन पकडा, म्हणजे चालताना वाजवायचा ट्यूबा, अंगाभोवती गुंडाळलेला तो अजगर, अख्खं गाणं तोच ओढतो. आणि ड्रमसेट दोघांत वाटलेला असतो कारण चालायचं असतं, साइड ड्रम एकाकडे, मोठा ढोल दुसऱ्याकडे, ढोलावर एक झांज बसवलेली, ती बरेचदा कपड्यांच्या हँगरच्या वाकवलेल्या तारेने वाजवतात. तो चुरचुरीत आवाज एकदा कानात बसला की जात नाही.

त्यानंतर मेक्सिकोची बांदा, म्हणजे तिथलं ब्रास बँडचं संगीत. सिनालोआ प्रांतातला बांदा एल रेकोदो 1938 पासून चालू आहे. ही गाणी अमेरिकेत एवढी चालतात की 2011-12 च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियातल्या शाळांमधून सूझाफोन चोरीला जायला लागले होते, बाकी वाद्यं जागच्या जागी आणि ट्यूबाच गायब.

मांडवीकाठ

सगळे जग फिरून आले, आता गोव्यात या. आमच्याकडे फेस्त (चर्चचा उत्सव) असो की मयत, बँड लागतोच. पोर्तुगीजांच्या वेळी चर्चच्या शाळांत पोरांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवायचे, ती पोरं पुढे मुंबईला गेली, हॉटेलांत वाजवलं आणि मग हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात शिरली. चिक चॉकलेट म्हणून ओळखले जायचे ते आंतोनियो झेवियर वाझ हळदोण्याचे, मुंबईतलं जॅझचं मोठं नाव. जुन्या हिंदी गाण्यात ट्रम्पेटचा एखादा तुकडा कानाला लागला तर वाजवणारा गोंयकार असण्याची शक्यता भरपूर. आणि मग गंमत बघा, तीच गाणी पुढे वरातीतल्या बँडवाल्यांनी कानाने उचलली, म्हणजे ट्रम्पेटचा तुकडा फिरून परत ट्रम्पेटवरच आला.

@पितळेचं_भांडं तुम्ही सोलापूरचे ना, मग पुणं काही लांब नाही. अनंत चतुर्दशीला सकाळीच लक्ष्मी रोडवर जाऊन उभे राहा. मानाच्या गणपतींपुढे प्रभातसारखे जुने ब्रास बँड असतात. दुपारनंतर स्पीकरच्या भिंती येतात, तेव्हा काही ऐकू येणार नाही, त्याआधी जा. आणि जिथे बँड थांबतो त्या चौकात उभे राहा, चालत्या बँडमागे धावू नका, थांबले की मास्तर रंगात येऊन वाजवतात.

पितळेचं_भांडं

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. खर्जातले साहेब, दोन-दोन-दोन-तीन जमलं! आज ऑफिसला जाताना स्टिअरिंगवर तेच चालू होतं. ग्रिमथॉर्पही ऐकलं, खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं कंटाळा आला आणि मग युफोनियमचा एक सोलो आला आणि गप्पच झालो. रीबर्थ वीकेंडला.

लीड्सवाले दादा, परीक्षक खोक्यात असतील तर बँड कधी सुरू करायचं हे कुणाला कसं कळतं? आणि कितव्या नंबरला कोण आहे हे तर छापलेलं असेलच की.

सातारकर_लीड्सवाला

नाही ना, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो आणि तो परीक्षकांना कळू देत नाहीत. ते आतून शिट्टी मारतात, म्हणजे आधीच्या बँडचे शेरे लिहून झाले, पुढच्याने चालू करा.

पण तू स्पर्धा बघायची तर व्हिट फ्रायडेची बघ, भरपूर व्हिडिओ आहेत. मे-जूनमध्ये एका शुक्रवारी सॅडलवर्थ आणि आसपासच्या गावांत असते. बँड बसमधून उतरतो, रस्त्याने एक मार्च वाजवत जातो, मग जागेवर उभं राहून स्पर्धेचा मार्च वाजवतो आणि तसाच पळत बसमध्ये, पुढच्या गावाला. एका संध्याकाळीत जेवढी गावं होतील तेवढी. ब्लॅक डाइकसारखे दिग्गज आणि शाळेतली पोरं एकाच रांगेत ताटकळतात. परीक्षक कुठल्यातरी घराच्या माडीवर पडदे ओढून बसलेला असतो, आणि पाऊस आला तरी कुणी थांबत नाही.