रात्री दोनला एफआरए भरतो, सिनियर म्हणतात फाइली उडव आणि झोप

हिंजवडीचा_घुबड

नमस्कार मंडळी, ओरॅकल १९सी डेटाबेसचं प्रॉडक्शन आहे, डेटागार्डवर एक स्टँडबाय (मुख्य डेटाबेसची सतत ताजी राहणारी दुसरी प्रत). महिनाअखेर आली की रात्री दोनच्या आसपास एफआरए (फास्ट रिकव्हरी एरिया, म्हणजे बॅकअप आणि लॉगसाठी राखलेली जागा) भरतो, नवीन कनेक्शनला ओआरए-००२५७ (लॉग साठवता येत नाही) हा एरर यायला लागतो, अॅप झोपतं आणि मग ऑनकॉलला फोन. ऑनकॉल बहुतेक मीच, कारण टीममध्ये सगळ्यात नवीन मी. सिनियरने सांगून ठेवलंय की सर्व्हरवर जायचं, जुने आर्काइव्ह लॉग (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदींच्या फाइली) आरएम (फाइल पुसायची कमांड) मारून उडवायचे, विषय संपला. पण परवा उडवले, डिस्कवर ढीगभर जागा दिसतेय आणि डीबी तरी म्हणतो फुल! ब्रिज कॉलवर मॅनेजर दर पाच मिनिटांनी 'एनी अपडेट?' विचारतोय आणि माझ्याकडे उत्तरच नाही. असं का होतं? आणि दुसरं, तुम्ही लोक हे वर्षानुवर्षं कसं काय करता? आई म्हणते ही रात्रीच्या वॉचमनची नोकरी आहे, मला पण डेव्हलपमेंटला जावंसं वाटायला लागलंय.

जुनं_खोड

आरएमने फाइल गेली ते ऑपरेटिंग सिस्टिमला कळलं, कंट्रोलफाइलला (डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीला) कुठे कळलं? तिच्या हिशोबात ते लॉग अजून तिथेच आहेत. आरमॅनमध्ये (ओरॅकलचं बॅकअपचं टूल) जाऊन क्रॉसचेक आर्काइव्हलॉग ऑल, मग डिलीट एक्स्पायर्ड आर्काइव्हलॉग ऑल, की जागा सुटेल. व्ही-डॉलर-रिकव्हरी-एरिया-युसेज बघ, त्यात किती टक्के भरलंय आणि त्यातलं रिक्लेमेबल (मोकळं करता येण्यासारखं) किती ते दिसतं.

पण खरा घोळ वेगळाय. जे लॉग उडवले त्यांचा बॅकअप झाला होता का? स्टँडबायला पोचले होते का? नसतील तर मधल्या वेळेतलं पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी (हव्या त्या क्षणापर्यंतचा डेटा परत आणणं) विसर, आणि स्टँडबायवर गॅप (न पोचलेल्या लॉगचा खंड) पडला असेल तो वेगळाच. उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे व्ही-डॉलर-आर्काइव्ह-गॅप बघ. गॅप असेल तर घाबरू नको, १९सीमध्ये रिकव्हर स्टँडबाय डेटाबेस फ्रॉम सर्व्हिस ही कमांड आहे, पूर्वीसारखं सगळं हाताने करत बसावं लागत नाही.

कोथरूड_एक्स्प्रेस

एवढं कशाला, डीबी-रिकव्हरी-फाइल-डेस्ट-साइज (एफआरएची मर्यादा) वाढवा, रीस्टार्ट पण लागत नाही, झोपा निवांत 😴

जुनं_खोड

@कोथरूड_एक्स्प्रेस रात्री दोनला मी पण तेच करेन, फक्त खाली डिस्कवर खरंच तेवढी जागा आहे का बघून. पण पुढच्या महिन्यात ती पण भरणार ना राव.

आणि रात्रीच्या वेळी प्रॉडक्शनवर आरएम ही सवयच वाईट. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (कोड ठेवायची ऑनलाइन सेवा) काय झालं ते वाचा, त्यांनी स्वतःच सगळं जाहीर लिहिलंय. पोस्टग्रेस डेटाबेसचं रेप्लिकेशन (प्रायमरीवरून सेकंडरी सर्व्हरवर प्रत बनवणं) अडकलेलं, माणूस रात्री उशिरापर्यंत लढतोय, आणि सेकंडरीऐवजी प्रायमरीवरच डेटा डिरेक्टरी उडवली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत ३०० जीबीतले साडेचार उरलेले. वरून बॅकअप बघायला गेले तर पीजी-डंप (पोस्टग्रेसचं बॅकअपचं टूल) चालतच नव्हता, डंप ९.२ चा आणि डेटाबेस ९.६ चा, आणि फेल झाल्याचे मेल पण कुणाला पोचत नव्हते. कुणीतरी सहा तास आधी हाताने स्नॅपशॉट काढून ठेवला होता म्हणून निभावलं.

रेडोवाली_ताई

जागा कुठे गेली यापेक्षा लॉग बनवतंय कोण ते शोध ना. व्ही-डॉलर-आर्काइव्ह्ड-लॉगवर तासागणिक ग्रुप लाव, कुठल्या तासाला उडी आहे लगेच दिसेल. मग त्या तासाचा एडब्ल्यूआर (ओरॅकलचा परफॉर्मन्स रिपोर्ट) काढ (डायग्नोस्टिक्स पॅकचं लायसन्स आहे ना ते आधी विचार, नाहीतर ऑडिटवाले तुलाच धरतील) आणि सेगमेंट्स बाय डीबी ब्लॉक्स चेंजेस बघ. माझा अंदाज, कुठलंतरी रिपोर्टिंगचं स्टेजिंग (डेटा तात्पुरता ठेवायचं) टेबल रोज पूर्ण डिलीट करून परत भरतायत.

हिंजवडीचा_घुबड

ताई तुम्ही आमच्याच ऑफिसात आहात का 😂 एक ते तीनमध्येच उडी आहे, आणि स्टेजिंग टेबलच आहे, व्हेअर (अट) नसलेला डिलीट! अॅप टीमला सांगितलं तर म्हणतात रिलीज पुढच्या क्वार्टरला, तोपर्यंत 'डीबी साइडने बघून घ्या'. नोलॉगिंग (बदलांच्या नोंदी कमी लिहिणं) करून टाकू का तोवर?

रेडोवाली_ताई

डेटागार्ड आहे म्हणजे फोर्स लॉगिंग (नोंदी लिहायलाच लावणारी सेटिंग) चालू असणार, नोलॉगिंगचा काडीचा उपयोग नाही, आणि फोर्स लॉगिंग काढायचं मनातही आणू नको. डिलीटच्या जागी ट्रंकेट (अख्खं टेबल एका झटक्यात रिकामं करणं), एवढी एक ओळ आहे. डिलीटमध्ये प्रत्येक रो अनडूत (बदल मागे घेण्यासाठीच्या नोंदीत) जाते आणि त्या अनडूचा पण रेडो (लॉगमध्ये जाणारी बदलाची नोंद) बनतो, ट्रंकेटला त्यातलं जवळपास काही नाही. फक्त ट्रंकेट रोलबॅक होत नाही, म्हणजे मागे घेता येत नाही, तेवढं त्यांना नीट सांग. तासातासाचा आलेख आणि बंद पडलेल्या वेळा मेलमध्ये टाकून त्यांच्या मॅनेजरला पाठव, बघ क्वार्टरचा आठवडा होतो का नाही. तोवर महिनाअखेरीला आर्काइव्हलॉगचा बॅकअप दर तासाला घे, पण एफआरएच्या बाहेर हं, आणि डिलीशन पॉलिसी अप्लाइड ऑन ऑल स्टँडबाय (सगळ्या स्टँडबायवर लागू झालेला लॉग), बॅकअप एकदा झालेला, अशी लाव. मग जागा कमी पडली की ओरॅकल स्वतःच साफ करतो.

जुनं_खोड

आणि अलर्ट लॉगवर (डेटाबेसच्या घडामोडींची फाइल) मॉनिटरिंग लाव. एफआरए भरत आला की ८५ टक्क्यांना वॉर्निंग येते, ९७ ला क्रिटिकल, म्हणजे अॅप पडायच्या आधी हातात वेळ असतो. डेव्हलपमेंटचं म्हणशील तर जा खुशाल, पण तिथे पण रिलीजच्या रात्री जागाव्या लागतातच. आधी रोटेशन मागून घे लेखी, सगळ्यात नवीन म्हणून रोज तूच हा कुठला नियम? आणि आरएमवाली सूचना सिनियरकडून मेलवर घे, नाही देणार बघ तो.

हिंजवडीचा_घुबड

मेल टाकला, सिनियरचा लगेच फोन, 'अरे ते तोंडी सांगितलं होतं' 😂 पॉलिसीचा चेंज रिक्वेस्ट टाकलाय, शनिवारची विंडो मिळालीय.