डी४ ला काळ्याकडून बुडापेस्ट गॅम्बिट: शाळकरी मुलांना शिकवावे का?

प्रश्न (देवरुख)
नमस्कार मंडळी. मी येथील शाळेत मुलांना बुद्धिबळ शिकवतो. काळी मोहरी घेऊन खेळताना डी४ (पांढऱ्याच्या वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे) समोर आले, की आमची मुले डी५, ई६ करून बसतात आणि सी८ वरचा उंट शेवटपर्यंत कोंडलेला राहतो. म्हणून १.डी४ घोडा एफ६ २.सी४ ई५ हा बुडापेस्ट गॅम्बिट (म्हणजे सुरुवातीलाच एक प्यादे देऊ करून जोर मिळवण्याची पद्धत) शिकवावा असे मनात आहे. पुढच्या जलद स्पर्धा चिपळूण आणि रत्नागिरीला आहेत. एका स्नेह्यांचे म्हणणे असे, की हे ओपनिंग (डावाची सुरुवात) म्हणजे निव्वळ सापळा असून त्याने मुलांना वाईट सवय लागेल. जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर (सावंतवाडी)
सर, सापळा आहे हे खरे. ३.डीxई५ (x म्हणजे मारणे) घोडा जी४ ४.उंट एफ४ घोडा सी६ ५.घोडा एफ३ उंट बी४ शह ६.घोडा बीडी२ (बी१ वरचा घोडा डी२ वर) वजीर ई७, आणि येथे पांढऱ्याने ७.ए३ खेळून ७...घोडा जीxई५ नंतर अधाशीपणे ८.एxबी४ केले, तर घोडा डी३ वर येऊन थेट मात होते, कारण ई२ चे प्यादे वजिराने जखडलेले असल्यामुळे घोड्याला मारू शकत नाही. मात्र पांढऱ्याने ७.ई३ अशी शांत चाल केली, की काळ्याला प्यादे परत मिळते आणि पांढऱ्याकडे उंटांची जोडी राहते. तेथून डाव खेळता आला पाहिजे.

मुलांना खरी गोडी लावायची असेल, तर चौथ्या चालीला उंट एफ४ ऐवजी ४.घोडा एफ३ उंट सी५ ५.ई३ घोडा सी६ हा प्रकार आधी दाखवा. काळा ई५ चे प्यादे परत घेतो, त्या घरावर घोड्यांची मारामारी होते, पांढऱ्याच्या राजाजवळचा एफ३ चा घोडा पटावरून जातो, आणि मग ए५ करून ए८ वरचा हत्ती ए६ मार्गे एच६ वर नेता येतो. कोपऱ्यातला हत्ती काळ्याच्या तिसऱ्या रांगेतून फिरून राजावर चालून जातो, हे ज्या मुलाने एकदा स्वतः पटावर करून पाहिले, त्याला मोहरी कामाला लावणे म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. १९१८ साली बर्लिनमध्ये बुद्धिबळपटू विदमार यांनी रुबिनस्टाइन यांच्यासारख्या बलाढ्य खेळाडूला याच गॅम्बिटने २४ चालींत हरवले होते, तेव्हा याला केवळ फसवणूक म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

उत्तर (चिपळूण)
वरील उत्तराशी सहमत आहे, पण एक मोठी अडचण राहून गेली. आमच्याकडच्या स्पर्धांत पांढऱ्याने २.सी४ खेळण्याची खात्रीच नसते. बरीच मुले २.घोडा एफ३ आणि मग उंट एफ४, म्हणजे लंडन नावाची सुरुवात, खेळतात, आणि एफ३ वर घोडा असताना ई५ केले तर ते प्यादे फुकट जाते. त्यासाठी २...डी५ ३.उंट एफ४ सी५ ४.ई३ घोडा सी६ ५.सी३ वजीर बी६ एवढे तरी पाठ हवे. यात बी२ वर लगेच दाब येतो. माझ्या मते हे आधी शिकवावे आणि बुडापेस्ट नंतर.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. लंडनचा मुद्दा अगदी रास्त आहे, त्यामुळे येत्या शनिवारी वजीर बी६ ने सुरुवात करतो. बुडापेस्ट घेताना ७.ए३ चा सापळा मुद्दाम मागे ठेवून एच६ वरच्या हत्तीपासून आरंभ करीन. एक शंका उरते: बुडापेस्टमध्ये पांढऱ्याकडून ४.ई४ घोडा xई५ ५.एफ४ आले, तर घोडा सी६ वर न्यावा की जी६ वर?

उत्तर (सावंतवाडी)
सी६ वर न्यावा. जी६ वर त्याला पुढे एफ५ चा धक्का बसतो; सी६ वरून तो डी४ वर नजर ठेवतो, आणि उंट सी५ वर आला की पांढऱ्याला राजा जी१ वर हलवणे अवघड होते.