विषय: न्यू ऑर्लिन्सला राहायला यावं का?

कोलंबस, ओहायोहून

नमस्कार मंडळी,

नवऱ्याला न्यू ऑर्लिन्सच्या एका विद्यापीठात नोकरी मिळते आहे. पंधरा दिवसांत होकार-नकार कळवायचा आहे. मुलं सहा आणि नऊ वर्षांची. सासूबाई दर वर्षी मे ते ऑक्टोबर आमच्याकडे असतात. त्या गावाबद्दल मार्डी ग्राचा उत्सव आणि कटरीना वादळ एवढंच ऐकून आहे. तिथे राहिलेल्यांनी मोकळेपणाने सांगावं. घर लगेच घ्यावं का?

न्यू ऑर्लिन्सहून

ताई, नमस्कार.

मी चौदा वर्षं इथे मिड-सिटी भागात राहते. जरूर या, पण घर लगेच घेऊ नका. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा मोसम. तो एकदा भाड्याच्या घरात काढा, मग ठरवा.

आधी पाण्याचं सांगते. शहराचा जवळजवळ निम्मा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. इथे पडलेला पाऊस आपोआप वाहून जात नाही, पंपांनी उपसून पॉन्चरट्रेन तलावात टाकावा लागतो, आणि त्यातले काही पंप शंभर वर्षांपूर्वीच्या बनावटीचे आहेत. मोठी सर आली की त्यांना झेपत नाही. रस्त्याच्या मधल्या गवताच्या पट्ट्याला इथे 'न्यूट्रल ग्राउंड' म्हणतात. तो जरा उंच असतो, म्हणून आभाळ भरून आलं की लोक गाड्या तिथे नेऊन लावतात. पहिल्या वर्षी मला यातलं काही माहीत नव्हतं. रात्री अकराला समोरच्या आजी छत्री घेऊन दारात आल्या, "गाडी वर लाव, मुली" एवढंच म्हणाल्या आणि मी किल्ली शोधेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. सकाळी गल्लीत गुडघाभर पाणी होतं.

२९ ऑगस्ट २००५ ला कटरीनात कालव्यांच्या भिंती फुटल्या आणि ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं. बरोबर सोळा वर्षांनी, त्याच तारखेला, आयडा वादळ आलं. बांध टिकले, पण अख्ख्या शहराची वीज गेली. आम्ही आदल्या दिवशी ह्यूस्टनला निघालो. एरवी सहा तासांचा रस्ता, त्या दिवशी बारा लागले. गणपती १० सप्टेंबरला होते. अर्धी रंगवलेली शाडूची मूर्ती मुलीने वाटभर मांडीवर धरली होती. त्या वर्षी बाप्पा ह्यूस्टनच्या मैत्रिणीकडे बसले. परत आलो तेव्हा फ्रिज उघडलासुद्धा नाही. चिकटपट्टीने गुंडाळला आणि तसाच रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला.

विम्याकडे नीट लक्ष द्या. पुराचा विमा घराच्या विम्यात धरलेला नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि बहुतेक वेळा ३० दिवसांनी लागू होतो. म्हणजे वादळ दिसल्यावर धावून उपयोग नाही. चक्रीवादळाच्या नुकसानीत पहिला खर्च आपल्या खिशातून जातो, तोही विम्याच्या रकमेच्या टक्केवारीत. आयडानंतर राज्यातल्या बऱ्याच विमा कंपन्या बुडाल्या. आमच्या कंपनीने एका पत्राने हात वर केले. नव्या कंपनीचा हप्ता दुपटीच्या वर गेला. म्हणून घर आवडलं की आधी त्याचा विमा किती पडेल ते विचारा, स्वयंपाकघर नंतर बघा.

शाळा बहुतेक सगळ्या चार्टर आहेत, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या पण स्वतंत्र संस्थांनी चालवलेल्या. अर्ज करावा लागतो, घराजवळचीच मिळेल असं नाही. आमच्या गाडीची काच दोनदा फुटली आहे, तेही सांगून ठेवते.

एवढं सगळं असूनही आम्ही इथेच का राहिलो? त्या आजींमुळे, असंच म्हणेन.

इथे सोशल एड अँड प्लेझर क्लब असतात. गुलामगिरीनंतरच्या काळात काळ्या लोकांनी वर्गणी काढून एकमेकांच्या आजारपणाची आणि अंत्यविधीची सोय करणाऱ्या ज्या मंडळ्या काढल्या, त्यांचाच हा वारसा. वर्षातल्या ठरावीक महिन्यांत रविवारी एखाद्या क्लबची मिरवणूक निघते. पुढे क्लबवाले आणि बँड, ती पहिली ओळ. मागून जो कोणी नाचत येईल ती 'सेकंड लाइन'. तिकीट नाही, आमंत्रण नाही. आजी अशाच एका क्लबच्या सभासद होत्या. त्या गेल्या तेव्हा चर्चपासून बँड अगदी संथ चालीत भजन वाजवत निघाला. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, मग दुसरं. पुढे एका वळणावर शववाहिका वेगळी झाली. तिथे ढोलाने ठेका बदलला आणि छत्र्या उघडल्या, रुमाल हवेत गेले. शेजारच्या बाईंनी माझ्या हातात रुमाल दिला. डोळ्यांतलं पाणी तसंच होतं आणि पाय चालत होते. लहानपणी आळंदीच्या वाटेवर दिंडीत चालले होते, त्यानंतर असं पहिल्यांदाच झालं.

मुलांसाठी तर हे गाव फार मजेचं आहे. ६ जानेवारीला कार्निव्हल (मार्डी ग्राचा उत्सवकाळ) सुरू होतो आणि घरोघरी, ऑफिसात, शाळेत किंग केक येतो. ज्याच्या तुकड्यात प्लास्टिकचं बाळ निघेल त्याने पुढचा केक आणायचा. आपल्या भिशीची चिठ्ठीच म्हणा. माझी मुलगी शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते. सेंट चार्ल्स अ‍ॅव्हेन्यूवर मिरवणुकीत ती चालली तेव्हा रस्त्यावरची अनोळखी माणसं तिच्या शाळेचं नाव घेऊन ओरडत होती.

खाण्याचं थोडक्यात: गंबो नावाच्या दाट रश्शात बहुधा भेंडी असते, कॉफीत चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड), आणि सोमवारी राजमा-भात. सोमवार हा पूर्वी धुण्याचा दिवस, म्हणून राजमा चुलीवर शिजत ठेवायचा. सॉसेज न घालता मी दर सोमवारी करते.

डॅलसहून

नमस्कार. आम्ही मेटरीत (न्यू ऑर्लिन्सच्या उपनगरात) आठ वर्षं होतो, आयडानंतर निघालो. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, तरी मला हा सल्ला थोडा घाईचा वाटतो. माझे वडील तेव्हा आमच्याकडे होते आणि त्यांना रात्री ऑक्सिजनचं यंत्र लागायचं. वीज नाही, बाहेर ३५ डिग्री, हवा दमट. गावं बदलत तीन मोटेलं केली. सुचेनासं झालं होतं. संगीत, माणसं, सगळ्याची आठवण येते. पण घरात म्हातारं माणूस असेल तर हा विचार सगळ्यात आधी करावा. सासूबाई नेमक्या मे ते ऑक्टोबर येतात, हे वाचून राहवलं नाही.

न्यू ऑर्लिन्सहून

दादा, बरोबर आहे. हे मी आधीच लिहायला हवं होतं. माझी आई एकदाच ऑगस्टमध्ये आली होती, आणि तेव्हा सुदैवाने एकही वादळ आलं नाही.

ताई, सासूबाईंचा मुक्काम डिसेंबर ते मे करता येईल का बघा. हवा छान असते, सेंट चार्ल्सच्या जुन्या ट्राममधून फिरवता येतं (तिला एसी नाही, उन्हाळ्यात त्यांना सोसणार नाही). औषधं कोणती चालू आहेत, यंत्र काही लागतं का, ते मला वेगळं कळवा. ६ जानेवारीच्या आत आलात तर पहिला केक आमच्याकडे.